पूर ओसरल्यावर संस्था काढताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांमधल्या पंधरा-वीस मुलामुलींनी २०१९ आणि २०२१ च्या महापुरात माणसं आणि जनावरं बाहेर काढली, जेवण पोचवलं, पाणी ओसरल्यावर घराघरांतला चिखल उपसला. वर्गणी जमवली, हिशेब वहीत लिहिला. आता बाहेरच्या एका मोठ्या संस्थेनं त्यांना ‘स्थानिक भागीदार’ व्हा म्हणून विचारलंय, पण त्यासाठी नोंदणी हवी. नोंदणी कोणती करावी, पैसे कुठून येतात, भागीदारीला हो म्हणावं का, पूर नसेल तेव्हा काय करायचं आणि संस्थेचं नाव काय ठेवावं, असं त्यांनी विचारलंय.

नोंदणीचं शेवटी सांगतो. ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

आधी मला सांगा, तुमच्या त्या वहीत मदत दिलेल्या घरांची यादी असेल, ती कुणी केली? माझ्या मते तुमची संस्था उभी राहील की नाही, हे त्या यादीवर ठरेल. ट्रक येतात आणि जातात, पैसा येतो आणि संपतो. पण कुणाला मिळालं आणि कुणाला वगळलं हे गाव वीस-वीस वर्षं विसरत नाही. बाहेरची संस्था तीन महिन्यांत निघून जाते. तुम्हाला त्याच माणसांसमोर दूध घालायला डेअरीवर उभं राहायचंय आणि त्यांच्याच घरच्या लग्नात पंक्तीला बसायचंय. तुमच्यावर खरा वचक आहे तो हाच, ऑडिटरचा नंतर.

बाहेरून आलेले लोक यादी कशी करतात? सरपंचांकडून घेतात, नाहीतर तलाठ्याच्या पंचनाम्यातून उतरवून घेतात. या याद्या खोट्या असतात असं मी म्हणणार नाही, पण त्या अपुऱ्या असतात. पंचनामा घर मोजतो, पीक मोजतो. पिकाची भरपाई सातबारावर नाव असेल त्याला. फाळ्यानं (खंडानं) किंवा वाट्यानं शेत करणाऱ्याचं बियाणं, खत, मशागत सगळं वाहून गेलं तरी कागदावर तो नाही. नवऱ्यानं टाकलेली आणि माहेरी भावाच्या पडवीत वेगळी चूल मांडून राहणारी बाई तिथे नाही, कारण शिधापत्रिका भावाची. मळ्यात खोपटं घालून राहणारा सालगडी नाही. जवळच्या इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणारी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची माणसं खोल्या भाड्यानं घेऊन राहतात. पाणी त्यांच्याही खोलीत शिरतं, पण घर मालकाचं आणि रेशन कार्ड गावाकडचं. २०१९ मध्ये सरकारनं ग्रामीण भागात कुटुंबामागे दहा हजार आणि शहरी भागात पंधरा हजार रुपये जाहीर केले, तेव्हा एका छपराखाली दोन चुली असतील तर कुटुंब एक धरायचं की दोन, यावर गावोगाव किती भांडणं झाली ते तुम्ही पाहिलंच असेल. त्याआधी मोफत धान्यासाठी घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असल्याची अट निघाली होती, त्यावर लोक किती भडकले तेही.

ही सुटलेली माणसं कोण हे तुम्हाला माहीत असतं, म्हणून तुम्ही मोलाचे. पण इथेच एक अडचण आहे, आणि ‘स्थानिक नेतृत्व’ यावर व्याख्यानं देणारे लोक ती सहसा बोलत नाहीत. गावचा माणूस आहे म्हणून तो न्यायानं वागेल असं काही नसतं. आपल्यालाही भावकी असते, गट असतो, जात असते, येत्या पंचायतीच्या निवडणुकीत कुठल्या पॅनेलला मत द्यायचं ते ठरलेलं असतं. तुमच्या पंधरा-वीस जणांपैकी किती जणांचं घर गावठाणात आहे आणि किती जणांचं ओढ्याकडच्या वस्तीवर? मुली किती, आणि त्या निर्णयाच्या बैठकीला बसतात की फक्त पोळ्या लाटायला आणि फोटोला असतात? या दोन प्रश्नांची उत्तरं तुम्हालाच आवडली नाहीत, तर नोंदणीचा अर्ज थोडा थांबवा आणि आधी माणसं जोडा. संस्था झाल्यावर विश्वस्त बदलणं फार जड जातं.

आम्ही यादी करतो ती अशी. गल्लीनिहाय. प्रत्येक गल्लीतून दोन बायका, त्यातली एक शक्यतो भाड्यानं राहणारी किंवा भूमिहीन घरातली. गावाचा नकाशा जमिनीवर चुन्यानं किंवा रांगोळीनं काढायचा, कुठल्या घरात किती पाणी आलं, किती दिवस राहिलं, घरात कोण कोण आहे ते बसून भरायचं. नकाशावर बसलं की घर सुटत नाही. नावं आठवून लिहायला बसलं की हमखास सुटतं. मग यादी चावडीत किंवा शाळेच्या पटांगणात मोठ्यानं वाचून दाखवायची आणि भिंतीवर लावायची. नुसती लावून उपयोग नाही, म्हाताऱ्या बायकांना ती वाचता येत नाही. दोन दिवस हरकती घ्यायच्या. कार्यकर्त्यांच्या नात्यातली घरं वेगळ्या शाईनं लिहायची आणि त्यावरचा निर्णय दुसऱ्या गल्लीच्या बायकांनी घ्यायचा. हे ऐकायला किचकट वाटतं. पण पहिल्या हरकतीला जाहीर उत्तर दिलं की पुढचं अर्धं राजकारण तिथेच थंडावतं. एक अपवाद कायम ठेवा. आजारपण, घरातली मारहाण, एकट्या मुलीचा प्रश्न अशा कारणानं दिलेली मदत कधीही मोठ्यानं वाचायची नाही आणि भिंतीवर लावायची नाही. ती नोंद दोन माणसांकडे, कुलपात.

बायकांवर मी एवढा भर देतो तो हौसेनं नाही. मी या कामात आलो किल्लारीच्या भूकंपानंतर. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाटे चारच्या सुमाराला लातूर-उस्मानाबाद हादरलं. हजारो माणसं दगडामातीच्या भिंतींखाली गेली. त्यानंतर पुनर्वसनाचे दोन वेगवेगळे प्रकार शेजारीशेजारी बघायला मिळाले. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, बरीचशी मोठमोठ्या देणगीदारांनी दत्तक घेऊन. रस्ते रुंद, काटकोनात आखलेले, घरं एका साच्याची. पण जनावर कुठे बांधायचं, कडबा कुठे रचायचा, सून ओसरीवर कुठे बसणार, हे कुणी विचारलं नव्हतं. दुसरीकडे, ज्या गावांत घरं तडकली होती पण उभी होती, तिथे दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम होता. पैसे घरमालकाच्या खात्यावर हप्त्याहप्त्यानं आणि काम त्यानं स्वतः करून घ्यायचं. अभियंत्यांचं लोकांना कळत नव्हतं, लोकांचं अभियंत्यांना. त्या वेळी प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावातल्या महिला मंडळांमधल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं आणि सरकारनं हे काम हजाराहून जास्त गावांसाठी त्यांच्याकडे सोपवलं. चौथी-सातवी शिकलेल्या बायका कोपऱ्यात पट्टी कशी बसवायची, सिमेंटला पाणी किती दिवस मारायचं हे गवंड्याला बजावू लागल्या. हप्ता अडला की तालुक्याला जाऊन बसू लागल्या. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा यातल्याच काही जणी तिथल्या बायकांशी बोलायला गेल्या. सल्लागार म्हणून मोठ्या शहरातून कुणी जाण्यापेक्षा हे किती वेगळं असेल याची कल्पना करा. भूकंप संपला, ती मंडळं बचत गट झाली, आणि मग पाणी, आरोग्य, शेती असं पुढे गेली. मदतीतून विकासाकडे जाणं म्हणतात ते मी तरी असं पाहिलंय. तो रस्ता प्रकल्प-अहवालात आधी आखलेला नव्हता.

आता तुमच्या भागाकडे येतो.

कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० आणि ४५. हे आकडे रोज मोबाइलवर येतात. पण नृसिंहवाडीच्या कृष्णा-पंचगंगा संगमाखालच्या गावातल्या माणसाला त्यातून एकच कळायला हवं असतं: माझ्या दारात पाणी कधी? वाडीत दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे नदीचं पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिण दारानं बाहेर पडलं, की काठावरची जुनी माणसं मनाशी अंदाज बांधतात, तसा अंदाज प्रत्येक गल्लीसाठी कागदावर आणणं हे तुमच्यासारख्या संस्थेचं काम. २००५, २०१९ आणि २०२१ च्या खुणा भिंतींवर अजून आहेत. बंधाऱ्यावर इतके फूट असताना आपल्या मारुतीच्या देवळाच्या कितव्या पायरीला पाणी होतं, हे म्हाताऱ्यांना विचारून नोंदवा आणि विजेच्या खांबांवर रंगानं पट्टे मारा. याला खर्च रंगाच्या दोन डब्यांचा. कुठलीही मोठी संस्था हे तुमच्याहून चांगलं करू शकत नाही.

लोक घर सोडत नाहीत ते बहुतेक वेळा जनावरांमुळे. हे तुम्हाला मी सांगायला नको. दारात दोन म्हशी बांधलेल्या असताना बोटीत बसायला सांगणारा माणूस त्यांना वेडा वाटतो. त्यामुळे बाहेर काढण्याची तयारी म्हणजे आधी गोठ्याची तयारी: उंचावर कुठल्या साखर कारखान्याचं आवार, कुठल्या सोसायटीचं गोदाम, वैरण कोण देणार, धारा कोण काढणार, दूध कुठे जाणार. हे जूनच्या आत ठरलेलं असलं की माणसं स्वतःहून निघतात.

आणि बोट. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये माणसांना बाहेर काढणारी बोटच उलटली. त्यात बायका आणि लहान मुलंही गेली. बोट घेण्यासाठी देणगीदार चटकन तयार होतात, तिच्यावर नावही रंगवता येतं. इंजिनची देखभाल, तेल, प्रत्येक फेरीत जितकी माणसं तितकी लाइफ जॅकेट आणि ‘आता बस, पुढच्या फेरीला या’ असं रडणाऱ्या गर्दीला सांगू शकणारा एक दणकट माणूस, यासाठी पैसे द्यायला कुणी येत नाही. हे चारही नसेल तर बोट घेऊ नका. तहसीलदारांच्या आपत्ती कक्षाशी आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या (एनडीआरएफ) पथकाशी बोलून त्यांना वाटाड्या द्या; पाण्याखाली तार कुठे, विहीर कुठे, ऊस किती उंच, हे सांगणारा गावचा पोहणारा मुलगा त्या पथकाच्या बोटीत असणं जास्त कामाचं.

वस्तू की पैसे, हा वाद दरवेळी होतो. पहिले तीन-चार दिवस शिजवलेलं अन्न आणि पिण्याचं पाणी, यात दुमत नाही. छावणीत माणशी दिवसाला पंधरा लिटर पाणी आणि वीस माणसांमागे एक संडास हे जगभर मानलेलं माप आहे. शाळेच्या दोन संडासांवर तीनशे माणसं असली की बायका पाणी पिणं कमी करतात, हे तुम्ही बघितलं असेल. पाणी ओसरल्यावर लगेच लागतं ते फावडी, घमेली, झाडू, गमबूट, फिनेल, पाणी शुद्ध करायला विहिरीसाठी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, घरातल्या हंड्यासाठी मेडिक्लोर. चिखलात अनवाणी काम करणाऱ्यांना लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो, म्हणून आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. जुने कपडे नकोच. २०१९ मध्ये रस्त्याकडेला पडलेले ढीग आठवा. एखादीची सगळी लुगडी वाहून गेली म्हणून ती कुणाचाही फाटका टॉप घालील असं समजणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणायला शिका. नव्या साड्या, परकर, आतले कपडे, सॅनिटरी पॅड, टॉवेल एवढंच. आणि हमरस्त्यावरच्या गावात सातवा ट्रक उतरत असेल तर तो आतल्या गावी वळवायचा अधिकार तुमच्या हातात असला पाहिजे.

पंधरा दिवसांनी मात्र पैसेच द्या. घरागणिक गरज वेगळी असते, एकाला शिलाई मशीन दुरुस्त करायचंय, दुसऱ्याला मुलीची फी भरायचीय. बाईच्या खात्यावर द्या. पासबुक वाहून गेलं असेल तर बँकेत नेऊन दुसरं काढून द्या, ते कामही मदतच आहे. किराणा द्यायचाच असेल तर कोल्हापूरच्या घाऊक बाजारातून किट भरून आणण्याऐवजी गावातल्या दुकानदारांशी ठरवून कूपन द्या. त्याचंही दुकान बुडालेलं असतं. दुकानाशेजारी फुकट किट वाटून त्याला दुसऱ्यांदा बुडवू नका.

आता त्या मोठ्या संस्थेच्या निमंत्रणाबद्दल.

२०१६ मध्ये इस्तंबूलला जागतिक मानवतावादी परिषद झाली. तिथे मोठमोठ्या देणगीदारांनी आणि मदतसंस्थांनी कबूल केलं की २०२० पर्यंत मदतीच्या पैशांपैकी किमान २५ टक्के शक्य तितक्या थेट मार्गानं त्या त्या देशातल्या संस्थांना द्यायचे. ते ठरल्याप्रमाणे झालं नाही. पण तेव्हापासून प्रत्येक प्रस्तावात ‘स्थानिक भागीदार’ असावा लागतो. तुम्हाला आलेलं निमंत्रण बहुधा त्यातूनच आलंय. त्यात वाईट काही नाही. फक्त तुमचं नाव प्रस्तावाला लागतंय, हे लक्षात ठेवून वाटाघाटीला बसा.

पहिला प्रश्न विचारा: हा पैसा देशातला की परदेशातला? परदेशी असेल तर, सप्टेंबर २०२० मधल्या परकीय योगदान कायद्याच्या (एफसीआरए) दुरुस्तीनंतर त्यांना तो दुसऱ्या कुठल्याही संस्थेकडे वर्ग करता येत नाही, तुमच्याकडे परवाना असला तरीही. म्हणजे पैसा त्यांच्याच खात्यातून खर्च होणार, बिलं त्यांच्या नावावर फाटणार आणि तुम्ही मनुष्यबळ. मग याला भागीदारी म्हणू नका, सेवेचा करार म्हणा आणि तुमच्या माणसांच्या वेळेचे पैसे लावा. एकेकाळी मोठ्या संस्था परदेशी निधी छोट्या संस्थांना वाटून द्यायच्या, त्यावर महाराष्ट्रातल्या कित्येक खेड्यांतली कामं चालायची. तो मार्ग बंद झाला आणि इस्तंबूलच्या ठरावातलं बरंचसं आपल्याकडे कागदावरच राहिलं. कायद्याचा हेतू काहीही असो, फटका छोट्यांना बसला असं माझं स्पष्ट मत आहे.

पैसा देशातला असेल तर करारात काही गोष्टी लेखी हव्यात. यादी कोण अंतिम करणार: तुम्ही. पैसे आगाऊ की खर्च झाल्यावर: आगाऊ, निदान पहिले दोन हप्ते, कारण उधारीवर मदतकार्य करणारी छोटी संस्था सहा महिन्यांत दुकानदारांची तोंडं चुकवू लागते. लेखनिक, भाडं, प्रवास, ऑडिट याचा वाटा किती. लोकांची आधार क्रमांकासह माहिती कुणाकडे राहणार आणि काम संपल्यावर ती कोण पुसणार. फोटोत कोण आणि कुणाच्या परवानगीनं. हात पसरलेल्या म्हातारीचा फोटो आम्ही काढू देत नाही, त्यापायी एक देणगी गेली तरी चालेल. तुमच्यातलं हुशार पोर ते दुप्पट पगारावर उचलून नेणार असतील तर किती आधी सांगणार. हे शेवटचं वाचून हसू नका. गावात तयार झालेली माणसं मोठ्या संस्थांकडे जातात हे छोट्या संस्थांचं सगळ्यात नेहमीचं दुखणं आहे, आणि जाणाऱ्याला दोष देता येत नाही, त्यालाही घर चालवायचं असतं.

ते यादीचा अधिकार देत नसतील तर मी नाही म्हणेन. बाकीच्या अटींवर देवाणघेवाण होऊ शकते.

पैसे कुठून येतात? आपत्तीच्या पहिल्या महिन्यात कुठूनही येतात. पुण्या-मुंबईला गेलेली तुमच्याच गावची माणसं, आखातात किंवा अमेरिकेत असलेली, गणेश मंडळं, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे गट. इथे एक जपा: परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसानं पाठवलेले पैसेही परकीय योगदानच ठरतात. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी आपल्या नेहमीच्या बँकमार्गानं देऊ शकतो. पासपोर्ट विचारायला संकोच करू नका. आणि सध्या तुम्ही एकाच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड फिरवून वर्गणी घेत असाल तर ते आजच थांबवा. त्या मुलाच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही, पण उद्या आयकराची नोटीस त्याच्या घरी जाईल, आणि गावात कुजबुज सुरू झाली तर त्याच्याकडे दाखवायला काही नसेल. नोंदणी नसताना गटानं जाहीर वर्गणी जमवायची तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खालची परवानगी लागते.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) हा मोठा स्रोत आहे. पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता (नेटवर्थ), हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा यातलं एक जरी असलं तरी कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करायचे असतात. २०१९ पासून आपत्ती निवारण आणि पुनर्वसन हे त्यात स्पष्टपणे येतं, आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदाच म्हणतो. पण संस्थेला तीन वर्षांच्या कामाचा अनुभव, आयकराच्या दोन्ही नोंदण्या (संस्थेला करमाफी देणारी ‘बारा-ए’ आणि देणगीदाराला सवलत देणारी ‘ऐंशी-जी’) आणि कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी लागते. म्हणजे तुम्हाला आज ते दार बंद आहे. म्हणून पहिली तीन वर्षं छोट्या, सातत्यानं येणाऱ्या देणग्यांवर काढायची तयारी ठेवा. शंभर माणसांनी दरमहा दोनशे रुपये दिले तर एका अर्धवेळ कार्यकर्त्याचा पगार निघतो आणि ती शंभर माणसं तुम्हाला हिशेबही विचारतात. ‘माझा एक-एक रुपया थेट पूरग्रस्ताला गेला पाहिजे’ असं म्हणणारा देणगीदार भेटेल. त्याला विचारा, यादी कोण करणार, हिशेब कोण लिहिणार, ट्रकचं डिझेल कोण भरणार. प्रामाणिक हिशेबाला पगार लागतो. त्याशिवाय येणाऱ्या प्रत्येक रकमेतला थोडा भाग ठरावानं बाजूला ठेवून आपत्ती निधी करा, पूर आला की देणगीची वाट न बघता दुसऱ्या दिवशी चूल पेटवता यावी म्हणून.

पूर नसेल तेव्हा काय करायचं हे विचारलंत, ते मला आवडलं. बहुतेक गट हा प्रश्न विचारायच्या आधीच विरतात. तुमच्या तालुक्यात त्याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. उसाला पाट फोडून दिलेल्या पाण्यानं शिरोळची हजारो एकर जमीन क्षारपड झालीय. तिच्यावर जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा करण्याचे प्रयोग तालुक्यातच झालेत, पण एकट्या शेतकऱ्याला ते जमत नाही. चर काढायचा तर पाणी नाल्यापर्यंत न्यायला सगळ्या शेजाऱ्यांची संमती लागते. अशी संमती जुळवून आणणं हेच तुमच्यासारख्यांचं काम. ज्या बायकांनी पुरात गल्लीची यादी केली त्यांच्याकडूनच हे सुरू करा, कारण त्यांना आता कुणाचं घर कशावर चालतं ते पाठ झालेलं असतं. याशिवाय कागद. प्रत्येक घराचे सातबारा, आठ-अ, रेशन कार्ड, विमा, दाखले स्कॅन करून घरच्याच मोबाइलमध्ये आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत. भाडेकरूंना मालकाकडून साधा लेखी कागद मिळवून देणं. हे नीरस काम आहे, पण पुढच्या पंचनाम्याला यादीत कोण असेल हे त्यावर ठरतं.

नोंदणी. महाराष्ट्रात नेहमीचा मार्ग म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासदांची संस्था. तिची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. दुसरा मार्ग थेट न्यास, म्हणजे ट्रस्ट. तिसरा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. त्याचं काम ऑनलाइन आणि नेटकं, पण दरवर्षीचा सीएचा खर्च तुम्हाला झेपणार नाही. तुमच्यासाठी पहिला, कारण त्यात सर्वसाधारण सभा असते आणि गल्लीतल्या बायकांना सभासद करून घेता येतं. न्यासात सगळी सत्ता चार विश्वस्तांकडे राहते, आणि चार मित्रांचं पुढे काय होतं हे सांगायला नको. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अहवाल द्या. हा एक अहवाल न दिल्यामुळे चांगल्या संस्था दहा-दहा वर्षं अडकलेल्या मी पाहिल्या आहेत: जुने पदाधिकारी कागदावर, नवे कामावर, आणि बँक कुणाचीच सही घेत नाही. मार्चअखेर हिशेब, वेळेत ऑडिट. आयकराच्या ज्यांना सगळे ‘बारा-ए’ आणि ‘ऐंशी-जी’ म्हणतात त्या नोंदण्यांसाठी लगेच अर्ज करा, आधी तात्पुरती मिळते. दोन हजारांवर रोख देणगी घेऊ नका, देणाऱ्याला करसवलत मिळत नाही आणि तुम्हालाही संशय चिकटतो. पावती दहा रुपयांचीही फाडा.

नावाबद्दल. धर्मादाय कार्यालयात मिळतंजुळतं नाव आधीच असलं की अर्ज परत येतो, म्हणून तीन पर्याय लिहून न्या. त्यात ‘पूरग्रस्त’ किंवा ‘महापूर’ घालू नका, आणि संस्थेच्या घटनेतले उद्देशही पुरापुरते ठेवू नका. क्षारपड जमिनीवर काम करायला गेलात की ऑडिटर म्हणेल हे तुमच्या उद्देशात बसत नाही. शेती, पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला, आपत्ती सगळं पहिल्याच मसुद्यात लिहा. गावाचंही नाव नको, तालुक्याचं चालेल. पलीकडच्या गावात काम सुरू केलं की ‘ती त्यांची संस्था’ असं ऐकू येतं आणि मग यादीवरचा पहिला आक्षेप तिथूनच येतो.